सहा गुणांची उणीव

हे मी फुशारकी म्हणून सांगत नाही, पण कोणताही कोरा तक्ता माझ्यापुढे ठेवा, त्यात फायदा कुठे दडलाय ते मला पाच मिनिटांत दिसतं. (फुशारकीच मारायची तर माझ्याकडे याहून मोठ्या गोष्टी आहेत.) मी बस आगारात वेळापत्रकं बनवतो. कुठली बस किती वाजता सुटणार, कुठे किती मिनिटं थांबणार, हे सगळं माझ्या टेबलावर ठरतं. गेल्या वर्षी मी असं वेळापत्रक केलं की आगारातली एकही बस एक मिनिटसुद्धा रिकामी उभी राहीना. एक मिनिट! चार दिवसांनी चालक मंडळी एकत्र आली आणि म्हणाली की साहेब, वेळापत्रक उत्तम आहे, फक्त लघवीला कधी जायचं तेवढं त्यात सापडत नाही. त्यावर आगारप्रमुखांनी मला एक अख्खा दिवस सात नंबरच्या बसमध्ये चालकाशेजारी बसवलं. त्या दिवसाबद्दल मी इथे काही सांगणार नाही.

मुद्दा खेळाचा आहे. माझी बायको दर रविवारी दुपारी आमच्या बाहेरच्या खोलीत एक खेळ चालवते. त्यात पट नाही, पत्ते नाहीत. टेबलाभोवती माणसं बसतात, प्रत्येकापुढे एक कागद असतो आणि मधे फासे. कागदावर ज्याने त्याने आपलं एक पात्र तयार केलेलं असतं, म्हणजे त्याची ताकद किती, बुद्धी किती, हे आकड्यांत मांडलेलं. बायको गोष्ट सांगते, बाकीचे आपापलं पात्र त्यात काय करतंय ते सांगतात, आणि ते जमलं की फसलं हे फासा ठरवतो. पात्र मेलं तर ज्याचं त्याने आपल्या हाताने कागद फाडायचा. एवढंच. यावर पाच शहाणीसुरती माणसं दर आठवड्याला चार तास घालवतात, आणि हे सहा वर्षं चाललंय.

सहा वर्षं मी आतल्या खोलीत बसून पेपर वाचत आलो. भिंतीपलीकडून हसणं ऐकू यायचं. मधेच सगळे एकदम गप्प व्हायचे, मग फासा घरंगळल्याचा आवाज, आणि मग असा काही कल्लोळ की माझा पेपर खाली पडायचा. बायकोचा आवाज तर मला ओळखूच यायचा नाही; कधी म्हातारा, कधी राणी, कधी बेडूक. माझ्याशी ती बेडकाच्या आवाजात कधी बोलली नाही. खरं सांगतो, मला त्या खोलीत जाऊन बसायचं होतं. पण बोलवल्याशिवाय जायचं कसं, आणि विचारायचं तरी कुठल्या तोंडाने?

मग पाचांतल्या एकाची बदली झाली आणि एक खुर्ची रिकामी झाली. मी धीर करून विचारलं. 

"तीन रविवार," बायको म्हणाली. "मग आम्ही चौघं ठरवू."

चौघं म्हणजे ती स्वतः. तिचा थोरला भाऊ, ज्याचं चष्म्याचं दुकान आहे आणि ज्याला मीही दादाच म्हणतो. आमच्या दातांची डॉक्टर. आणि एक निवृत्त मुख्याध्यापिका, ज्यांना सगळे नुसतं बाई म्हणतात. छत्तीस वर्षं शाळेला शिस्त लावलेल्या या बाई खेळात चोर आहेत आणि मन लावून चोऱ्या करतात. डॉक्टरीणबाईंचं पात्र गाणारीचं आहे. दिवसभर लोकांच्या उघड्या तोंडात पाहिल्यावर माणसाला आपलंही तोंड कधीतरी उघडावंसं वाटणारच.

तीन रविवार मला भरपूर होते. मी नियमांचं पुस्तक मागून घेतलं आणि तीन संध्याकाळी त्याचा फडशा पाडला. पात्राला साठ गुण मिळतात. ते सहा रकान्यांत वाटायचे: ताकद, सहनशक्ती, चपळाई, नजर, बुद्धी, बोलणं. एका रकान्यात जास्तीत जास्त वीस. फासा वीस बाजूंचा. तो आपल्या आकड्याइतका किंवा त्याहून कमी पडला की काम जमलं. म्हणजे ज्या रकान्यात वीस, तिथे आपण हरणं शक्यच नाही! पण साठ गुणांत तीन वीस झाले की बाकीच्या तीन रकान्यांत शून्य, आणि शून्य चालत नाही. इथे साधा माणूस थांबला असता.

मला एकोणचाळिसाव्या पानावर फट दिसली. पात्राला एखादी उणीव घेतली तर बदल्यात जादा गुण मिळतात. लोक आपले एखादी घेतात, पात्राला जरा रंग यावा म्हणून. पण किती घ्याव्यात यावर मर्यादा कुठेच छापलेली नव्हती. ती छापायची गरज पडेल असं लिहिणाऱ्याला वाटलंच नसावं.

मी सात घेतल्या. पोहता येत नाही, दोन गुण. कोंबड्यांची भीती, दोन. रस्ता चुकला तरी कुणाला विचारत नाही, दोन. जेवल्यावर झोप आवरत नाही, दोन. जेवणाचं आमंत्रण नाकारता येत नाही, तीन. खोटं बोलता येत नाही, तीन. आणि सगळ्यांत घसघशीत: कुणाची माफी मागता येत नाही, सहा! हातात कुऱ्हाड असलेल्या माणसाला माफी लागते कशाला? एकूण वीस गुण मी असे फुकटात उचलले. ताकद वीस, सहनशक्ती वीस, चपळाई वीस, नजर चौदा, बुद्धी चार, बोलणं दोन. अंगात पोलादी चिलखत, हातात दुधारी कुऱ्हाड. नाव ठेवलं अभेद्य. कागदाकडे पाहताना मला क्षणभर स्वतःबद्दल आदरच वाटला.

पहिल्या रविवारी गोष्ट अशी होती. एका गावात तापाची साथ आली होती, त्यावरची मुळी नदीपलीकडे मिळायची, आणि वाटेत दरोडेखोरांची खिंड होती. बायकोने दरोडेखोरांचा म्होरक्या फार प्रेमाने रंगवला होता. तो एक जुनं गाणं गुणगुणायचा, त्याला कसलंसं दुःख होतं, आणि त्याने खिंडीत सापळे लावले होते. बाई सापळ्यांकडे पाहून हात चोळायला लागल्या होत्या. डॉक्टरीणबाई त्या गाण्याचा पुढचा अंतरा ओळखू पाहत होत्या.

मी म्हणालो, "अभेद्य सरळ आत जातो."

सापळे माझ्या चिलखतावर आपटून मोडले. बाण वाकले. म्होरक्याने दुःख सांगायला तोंड उघडलं तोवर मी कुऱ्हाड फिरवली होती. अख्खी खिंड वीस मिनिटांत साफ! मी टेबलाभोवती पाहिलं. टाळ्या नाहीत तरी निदान कुणीतरी पाठ थोपटेल असं वाटलं होतं. बाईंनी फक्त विचारलं की आता पुढे काय. बायको म्हणाली की चहा.

चहाला वेळच वेळ होता, म्हणून मी दादाचा कागद पाहायला घेतला. सहा वर्षं वापरून तो सुती कापडासारखा मऊ झालेला, घड्यांवर चिकटपट्ट्या, कडेला बारीक अक्षरात काय काय लिहिलेलं. दादाचं पात्र म्हणजे एक म्हातारे लंगडे वैद्यबुवा. आकडे पाहून मला घेरी यायची बाकी राहिली. सहाच्या सहा रकान्यांत दहा! म्हणजे या माणसाने आयुष्यात काहीच ठरवलेलं नाही.

मी विचारलं, "आणि लंगडेपणाचे दोन गुण? ते कुठे टाकलेत?"

"घेतले नाहीत," दादा म्हणाला.

"का?"

"तो लंगडा आहे म्हणून लंगडा आहे. त्याचे गुण कसले घ्यायचे?"

यावर गप्प बसणं मला शक्य नव्हतं. मी तिथल्या तिथे एक तक्ता करून दिला: कुठले गुण कुठून काढायचे, कुठे टाकायचे, कुठल्या चार उणिवा घ्यायच्या. आणि सगळ्यांसमोर समजावून सांगितलं की सध्या हे वैद्यबुवा म्हणजे या टोळीच्या गळ्यातलं लोढणं आहेत, पण तक्त्याप्रमाणे केलं तर महिनाभरात उपयोगाला येतील. दादाने तक्ता घेतला, चष्मा कपाळावर सरकवून वाचला, त्याची छोटी घडी केली आणि बशीखाली ठेवली. डॉक्टरीणबाई खिडकीबाहेर बघायला लागल्या.

सगळे गेल्यावर बायको फासे गोळा करत म्हणाली, "ती खिंड तीन रविवार पुरणारी गोष्ट होती."

काहीतरी बिघडलंय हे मला कळलं. मला कळत नाही असं नाही, फक्त कळल्यावर पुढे काय करायचं ते मला तोंडाने जमत नाही. हाताने जमतं. मी पान्याची पेटी काढली आणि स्वयंपाकघरातल्या नळाचा वॉशर बदलला. आमची ही रीतच आहे. लग्नाला अकरा वर्षं झाली, आमच्या घरात दरवाजे कुरकुरत नाहीत, पंखे खडखडत नाहीत, नळ गळत नाहीत. एकदा तिच्या मैत्रिणीने याचं कौतुक केलं तेव्हा बायको म्हणाली होती की हो, याच्या फार चुका होतात.

मी पेटी ठेवून बाहेर आलो तेव्हा ती अभेद्यचा कागद घेऊन बसली होती. पुढची बाजू तिने पाहून झाली होती. आता तिने तो उलटा केला. मागे माझ्या सात उणिवा होत्या. तिने त्या सावकाश, एकेक करून वाचल्या, सातवी दोनदा वाचली, आणि त्या दिवसात पहिल्यांदा हसली.

ते हसणं मला आवडलं. मूर्ख माणूस मी!

दुसऱ्या रविवारी आम्ही नदीकडे निघालो. वाटेत तीन फाटे लागले. बाई म्हणाल्या की त्या गुराख्याला विचारू. बायको गोड आवाजात म्हणाली, "अभेद्य पुढे चालतोय ना? तो विचारणार नाही, आणि कुणी विचारलेलं त्याला खपणारही नाही." कागदावर तसंच होतं. आम्ही एकाच शेतघरावरून तीनदा गेलो. तिसऱ्यांदा तिथली शेतकरीण दारात येऊन म्हणाली की दमलेले दिसता, चार घास खाऊन जा.

आमंत्रण! नाकारता येत नाही, तीन गुण. बाकीच्यांनी माझ्याकडे रागाने पाहिलं, पण आत गेलो. वाढता वाढता त्या शेतकरणीने सहज विचारलं की खिंडीतून आलात का, तिथे माझा भाऊ असतो, दरोडेखोरांचा म्होरक्या आहे, पण मनाने वाईट नाही. भेटला का तुम्हाला?

डॉक्टरीणबाई घाईघाईने म्हणाल्या, "आम्ही कुणालाच पाहिलं नाही."

बायकोने माझ्याकडे वळून भुवया उंचावल्या. खोटं बोलता येत नाही, तीन गुण.

"मी मारला," मी म्हणालो.

"बरं," ती शेतकरीण म्हणाली. "अजून थोडं घ्या."

मी घेतलं. जेवल्यावर झोप, दोन गुण. अभेद्य चिलखतासकट अंगणातल्या बाजेवर आडवा झाला आणि घोरायला लागला. आणि त्या माउलीने शांतपणे जाऊन खुराड्याचं दार उघडलं.

पुढचं मी थोडक्यात सांगतो. उन्हाने तापलेलं चिलखत कोंबड्यांना फार आवडतं. अभेद्यला जाग आली तेव्हा छातीवर एक बसली होती आणि दुसरी शिरस्त्राणात डोकावत होती. तो उठला आणि पळाला. ताकद वीस, चपळाई वीस, सहनशक्ती वीस. असा पळाला की तो थांबायचाच नाही, कारण दमायला फासा चुकावा लागतो आणि त्याचा तो कधी चुकतच नव्हता! थेट नदीवर. काठाला एका म्हाताऱ्या नावाडणीची नाव होती, अभेद्यने लांबूनच तिच्यात उडी घेतली. पोलादी चिलखत, वर वीस ताकदीचा पाय. नाव प्रवाहात गेली आणि मधोमध तिचा तळ फुटला.

पोहता येत नाही, दोन गुण.

तोवर बाकीची टोळीही धापा टाकत काठाला पोचली होती. मी कागद उलटासुलटा करून पाहत होतो की बुडणाऱ्या माणसाला कुऱ्हाडीचा काही उपयोग होतो का. तेवढ्यात दादा म्हणाला, "वैद्यबुवा पाण्यात उडी मारतात."

मी म्हणालो, "दादा, अहो, तुमची सहनशक्ती दहा आहे! पायाने अधू आहात! उलट मीच सगळ्यात…"

"तुम्ही बुडताय," दादा म्हणाला आणि त्याने फासा टाकला.

नऊ पडला. वैद्यबुवांनी एक फळी माझ्याकडे ढकलली, मी तिला कवटाळून काठाला लागलो. दुसरा फासा त्याने स्वतःसाठी टाकला. चौदा. प्रवाहाने वैद्यबुवांना नदीच्या मधल्या खडकावर नेऊन आपटलं. पाणी चढत होतं. बायकोने वही मिटली आणि म्हणाली की बाकी पुढच्या रविवारी.

तो आठवडा मला फार जड गेला. आगारात माझ्याकडून दोन बस एकाच फलाटावर एकाच वेळेला लागल्या. सारखा तो मऊ कागद डोळ्यांपुढे येत होता, आणि दादाला तो फाडताना मी पाहत होतो. सहा वर्षांचा माणूस, माझ्या दोन गुणांच्या कोंबड्यांपायी! बुधवारी मी चष्म्याचा स्क्रू आवळून घेण्याच्या निमित्ताने त्याच्या दुकानात गेलो. स्क्रू ढिला नव्हता, वाटेत मीच नखाने ढिला केला होता. दादाने तो बसवला, काचा पुसून दिल्या. मी काउंटरपाशी उभा राहिलो. 

"तुमचं शटर अडकतंय वाटतं," मी म्हणालो. "तेल घालू का?"

दादाने माझ्याकडे पाहिलं. "घाला," तो म्हणाला.

शटर अजिबात अडकत नव्हतं. तरी मी दोन्ही बाजूंना तेल घातलं आणि परत आलो.

तिसऱ्या रविवारी बायकोने टेबलाच्या मधे एक पालथी वाटी ठेवली आणि तिच्यावर एक तपकिरी बटण. वाटी म्हणजे खडक, बटण म्हणजे वैद्यबुवा. पाणी त्यांच्या घोट्याशी होतं. काठावर नावाडीण उभी होती. तिच्याकडे दुसरी एक लहान होडी होती आणि त्या प्रवाहात होडी नेणं फक्त तिलाच जमत होतं. बायको नावाडणीच्या आवाजात बोलायला लागली. तो आवाज म्हातारा होता, पण भोळा नव्हता.

"आणते मी त्याला," नावाडीण म्हणाली. "काही द्यायला नको. पण माझी नाव ज्याने फोडली, त्याने आधी माझी माफी मागायची."

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी कागदाकडे पाहिलं. मागची बाजू, सातवी ओळ, सहा गुण.

मी घाबरलो नाही. अडचणीतून बाजूने वाट काढणं हेच तर माझं काम! मी म्हणालो की अभेद्य नवी नाव बांधून देतो. वीस ताकद आहे, दहा झाडं पाडतो, एक सोडून तीन नावा घे. नावाडीण म्हणाली, "नाव नको. माफी माग." पाणी गुडघ्याला आलं. मी म्हणालो की तुझ्या घराचं छप्पर शाकारतो, विहीर खणून देतो, दाराच्या बिजागऱ्यांना तेल घालतो. तेल म्हटल्यावर दादाने खोकल्यासारखं केलं. पाणी कमरेला आलं.

डॉक्टरीणबाईंच्या गाणारीने माझ्या वतीने माफीचं एक गाणं म्हटलं. फार गोड म्हटलं. नावाडीण म्हणाली की छान आहे, पण नाव तू फोडली नाहीस. बाईंनी वल्ही चोरायचा प्रयत्न केला आणि आयुष्यात पहिल्यांदा चोरी करताना पकडल्या गेल्या. पाणी छातीला लागलं. बायकोने बटण वाटीच्या अगदी कडेला सरकवलं.

 दादाने तो मऊ कागद पुढ्यात सरळ करून ठेवला होता, आणि दोन्ही हातांची बोटं त्याच्या वरच्या कडेवर होती. जिथून फाडतात तिथे.

मी नियमांचं पुस्तक ओढलं. पान एकोणचाळीस, चाळीस, एक्केचाळीस. सापडलं! घेतलेली उणीव खेळात केव्हाही सोडता येते, मात्र तिच्यावर मिळालेले गुण दुपटीने परत करायचे आणि ते एकाच रकान्यातून. सहाचे बारा. ताकदीतून काढले तर वीसची उरते आठ. चिलखत पेलायला पंधरा लागतात, कुऱ्हाडीला सोळा. म्हणजे अभेद्य राहणार तो आतल्या बंडीवर, ओलाचिंब कुडकुडत, रिकाम्या हातांनी.

मला तुम्ही हसाल, पण मला ते जड गेलं. इतका सुंदर तक्ता मी आयुष्यात दुसरा केला नव्हता. मी खोडरबर मागितला. बाईंनी दिला, त्यांच्याकडे तो असतोच. मी ताकदीचा वीस खोडला आणि आठ लिहिला. चिलखत खोडलं. कुऱ्हाड खोडली. कागद उलटा केला आणि सातवी ओळ खोडली.

"झालं," मी म्हणालो.

"काय झालं?" नावाडीण म्हणाली. "मी अजून काही ऐकलं नाही."

मी फासा उचलला. बोलण्याचा माझा आकडा दोन होता. विसांत एक किंवा दोन पडायला हवं होतं. बायकोने हात पुढे करून माझ्या हातातला फासा काढून घेतला.

"याला फासा नाही," ती म्हणाली, आणि हा आवाज नावाडणीचा नव्हता. "तोंडाने."

मी समोर पाहिलं. वाटीच्या कडेला बटण, त्याच्यामागे दादाची बोटं.  अकरा वर्षांत दुरुस्त केलेले सगळे नळ त्या वेळी डोळ्यांपुढून गेले.

"तुमची नाव माझ्यामुळे फुटली," मी म्हणालो. "मी बघून पाय टाकला नाही. चुकलो. माफ करा."

आणि एकदा तोंड उघडल्यावर मला ते मिटता येईना. मी म्हणालो, "आणि दादा, तो तक्ता. तुमच्या माणसाला मी लोढणं म्हणालो. तेही चुकलं. बुधवारी हेच सांगायला आलो होतो, तुमच्या शटरला काहीही झालेलं नव्हतं. आणि बाई, तुमचे सापळे. डॉक्टर, तुमचं गाणं. आणि तुझे ते तीन रविवार…"

"पुरे," बायको म्हणाली. तिने डोळ्यांत काहीतरी गेल्यासारखं केलं, आणि नावाडणीची होडी पाण्यात सोडली.

वैद्यबुवा काठाला आले. अंगावर बंडी आणि ताकद आठ असलेल्या अभेद्यने त्यांना खांद्याचा आधार दिला, आणि त्याच होडीने पलीकडे उतरून दोघं मुळी शोधायला निघाले, एकमेकांइतकेच सावकाश. दादाने कागदाची घडी केली. मग शर्टाच्या खिशातून दुसरी एक छोटी घडी काढून माझ्यापुढे ठेवली. तो माझा तक्ता होता.

"वाचला मी तो," दादा म्हणाला. "दोनदा. हुशारीने केलाय. पण त्यातला माणूस माझ्या ओळखीचा नाही."

मग खुर्चीचा निकाल लागला. तो बाईंनी जाहीर केला, कारण निकाल जाहीर करायची सवय त्यांनाच होती. म्हणाल्या की उत्तीर्ण, पण वर ढकललेला. मला तेवढं पुष्कळ होतं. त्या दुपारी भिंतीच्या या बाजूला बसून मी इतका हसलो की माझी मलाच गंमत वाटली.

सगळे गेल्यावर मी कपबशा घेऊन स्वयंपाकघरात गेलो, तर ओट्याखाली बादली ठेवलेली आणि नळ धो धो नाही पण चांगला गळत होता. मीच दोन आठवड्यांपूर्वी दुरुस्त केलेला नळ!

"हे कधीपासून?" मी विचारलं.

"सोमवारपासून."

"मग आठवडाभर बोलली का नाहीस?"

"बोलले असते तर तू हाच दुरुस्त करत बसला असतास," बायको म्हणाली. "या आठवड्यात तुझ्याकडे काहीच नको होतं दुरुस्त करायला."

अशी ही बाई सहा वर्षं गोष्टी रचतेय आणि मी तिच्यासमोर तक्ता घेऊन बसलो होतो! पण आता मन हलकं झालं होतं, अंगात उत्साह होता, आणि कुठल्याही नळाकडे एकदा नीट पाहिलं की त्यातला दोष मला पाच मिनिटांत दिसतो, हे मी तुम्हाला फुशारकी म्हणून सांगत नाही. मी पाना लावला आणि एकच झटका दिला, पूर्ण वीस ताकदीचा.

नळ माझ्या हातात आला. पाणी छताला लागलं.

मुख्य कॉक हाताने चाचपडत, डोळे मिटून, मी ओरडलो की चुकलो, माफ कर. एका दिवसात दुसऱ्यांदा! आणि या वेळी कुठून काही खोडावंसुद्धा लागलं नाही.

दारात टॉवेल घेऊन बायको उभी होती. ती बेडकाच्या आवाजात म्हणाली, "पाण्याच्या आवाजात ऐकू नाही आलं. परत म्हण."

मी परत म्हणालो. तिने आणखी दोनदा म्हणायला लावलं, आणि मग टॉवेल दिला.